एका ‘बाय’साठी दोनशे पानी वही

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात मी गेली अकरा वर्षे मालाच्या रवानगीचे काम पाहते. आम्ही यंत्रांचे सुटे भाग तयार करतो, त्यांतला बराचसा माल परदेशी जातो, आणि त्यामुळे दिवसाकाठी पंधरा-वीस मेल इंग्रजीतून लिहिणे हा माझ्या कामाचा भाग आहे. माझे शिक्षण पेठेतल्या मराठी शाळेत झाले. त्या वेळी इंग्रजी पाचवीपासून सुरू होत असे, आणि पुढे वाणिज्य शाखेची पदवी घेतली तरी त्या भाषेची माझी शिदोरी मुख्यतः शाळेतलीच राहिली. तेवढ्यावर काम अडत नव्हते, निदान मला तसे वाटत होते. दोन वर्षांपूर्वीच्या ऑगस्टमध्ये एका मेलमुळे तो समज गेला.

इंग्लंडमधल्या एका ग्राहकाला मी लिहिले होते, ‘द पार्ट्स विल बी रेडी अंटिल फोर्टीन्थ ऑगस्ट.’ माझ्या मनातले वाक्य सरळ होते : १४ ऑगस्टपर्यंत माल तयार होईल. वाचणाऱ्याने मात्र त्याचा अर्थ असा घेतला, की माल तयार आहे आणि १४ तारखेपर्यंतच तो मिळेल, म्हणून लवकर उचलावा. त्यांच्या वाहतूकदाराची गाडी ८ तारखेला सकाळी आमच्या फाटकाशी येऊन उभी राहिली. त्या दिवशी सहा पेट्यांपैकी दोनच भरून झाल्या होत्या. गाडी दुपारपर्यंत थांबली आणि रिकामी परत गेली. पुढच्या आठवड्यात त्या फेरीच्या भाड्याची डेबिट नोट आली. आमचे साहेब रागावले नाहीत. त्यांनी माझा मेल छापून घेतला, ‘अंटिल’ या एका शब्दाखाली लाल रेघ ओढली आणि कागद माझ्या टेबलावर ठेवला. तो कागद अजून माझ्याकडे आहे.

तिथे ‘बाय’ हवे होते हे मला सहकाऱ्याने लगेच सांगितले. पण का हवे होते, हे त्यालाही सांगता येईना. ‘बाय’ म्हणजे ‘ने’ किंवा ‘कडून’ असे आम्ही दोघेही शिकलो होतो, आणि ‘अंटिल’ म्हणजे ‘पर्यंत’. मग ‘पर्यंत’ लिहायचे असताना ‘ने’ कुठून आले? (निरोप घेताना म्हणायचे ‘बाय’ आणि खरेदी करणे या अर्थाचे ‘बाय’ हे निराळे शब्द आहेत. देवनागरीत तिन्ही सारखेच दिसतात म्हणून एवढे सांगून ठेवते. या लेखात मी शब्दयोगी अव्यय असलेल्या ‘बाय’विषयीच लिहिते आहे.)

सदाशिव पेठेत आमच्याच इमारतीत, खालच्या मजल्यावर, इंग्रजीच्या एक निवृत्त शिक्षिका राहतात. त्या माझ्या शाळेत नव्हत्या, पण सगळी इमारत त्यांना बाई म्हणते, तशी मीही म्हणते. त्यांच्याकडे गेले आणि म्हणाले, “बाई, मला ‘बाय’ आणि ‘अंटिल’ एवढेच समजावून सांगा. अर्ध्या तासाचे काम आहे.”

बाई म्हणाल्या, “नियम मी पाच मिनिटांत सांगेन आणि तू तो पाठही करशील. पण मेल लिहिताना तुझ्या डोक्यात आधी मराठी वाक्य येते ना? मग चूक तिथेच सुरू होते. एक दोनशे पानी वही घे. पंधरा दिवस इंग्रजी काही लिहू नकोस. ‘पर्यंत’ आणि ‘ने’ असलेली मराठी वाक्ये, जशी तू बोलतेस किंवा ऐकतेस तशी, लिहून आण.”

मला हे उलटे वाटले. तरी वही आणली आणि बसमध्ये, कारखान्यात, स्वयंपाक करताना कानांवर पडेल ते वाक्य टिपू लागले. पंधरा दिवसांत दोनशेच्या वर वाक्ये झाली. आपल्या भाषेकडे मी त्यापूर्वी इतक्या बारकाईने कधी पाहिले नव्हते.

पहिल्या शनिवारी आम्ही ‘पर्यंत’ची पाने घेतली. ‘दूधवाला सातपर्यंत येतो.’ ‘मी सातपर्यंत झोपले.’ ‘विजेचे बिल २२ तारखेपर्यंत भरायचे आहे.’ ‘पाहुणे २२ तारखेपर्यंत आहेत.’ ‘स्वारगेटपर्यंत चालत जाऊ.’ ‘हजार रुपयांपर्यंत मिळेल.’ शेवटची दोन स्थळाची आणि रकमेची म्हणून बाईंनी बाजूला काढली, कारण त्यांचा आमच्या प्रश्नाशी संबंध नव्हता. उरलेल्या चार वाक्यांत ‘पर्यंत’ चारही वेळा सारखेच दिसते. बाईंनी मला सांगितले, “प्रत्येक वाक्यातले ‘पर्यंत’ काढ आणि ‘च्या आत’ घालून बघ.”

‘दूधवाला सातच्या आत येतो’ हे जमले. ‘बिल २२ तारखेच्या आत भरायचे आहे’ हेही जमले. ‘पाहुणे २२ तारखेच्या आत आहेत’ हे वाक्यच मोडले. आणि ‘मी सातच्या आत झोपले’ हे वाक्य मोडले नाही, पण त्याचा अर्थ पार बदलला. आधीच्या वाक्यात मी सकाळी सातला उठले होते, आता मी संध्याकाळी सात वाजण्यापूर्वीच झोपी गेले. त्या एका वाक्यापाशी आम्ही बराच वेळ थांबलो. मराठीत ‘झोपणे’ म्हणजे झोप लागणे, ही एका क्षणात घडणारी गोष्ट, आणि झोपेत असणे, ही तासन्‌तास चालणारी स्थिती, अशी दोन्ही होते. ‘पर्यंत’ म्हटले की स्थिती समोर येते, ‘च्या आत’ म्हटले की क्षण. इंग्रजी हा फरक अव्ययातच करते. जे काम एका क्षणी घडून संपते, आणि तो क्षण अमुक वेळेच्या आधी कधीही येऊ शकतो, तिथे ‘बाय’. जी स्थिती त्या वेळेपर्यंत सलग चालत राहते आणि तिथे थांबते, तिथे ‘अंटिल’. दूधवाल्याचे येणे आणि बिल भरणे ‘बाय’चे, पाहुण्यांचे राहणे आणि माझी झोप ‘अंटिल’ची. पाठवणे, पोचणे, संपवणे, भरणे या क्रिया बहुधा पहिल्या गटात पडतात आणि थांबणे, राहणे, वाट पाहणे दुसऱ्या.

साहेबांनी लाल रेघ ओढलेला कागद मी पुन्हा काढला. ‘रेडी’ या शब्दाने मला चकवले होते. माझ्या मनात तयार ‘होणे’ होते, जी एका क्षणाची गोष्ट आहे. ‘अंटिल’ लावल्यामुळे तेच तयार ‘असणे’ झाले, म्हणजे १४ तारखेला संपणारी स्थिती. गाडी आठ तारखेला का आली, हे मला त्या संध्याकाळी नीट कळले, आणि त्या वाहतूकदाराविषयी माझ्या मनात जी थोडी अढी होती ती गेली. मी जे लिहिले होते तेच त्याने वाचले होते.

नकारार्थी वाक्यांना आणखी एक संध्याकाळ लागली. ‘तो सोमवारपर्यंत येणार नाही’ या मराठी वाक्याचे दोन अर्थ होतात. एक, सोमवार उजाडेपर्यंत त्याची वाट पाहू नका, तो सोमवारशिवाय येणार नाही. इंग्रजीत हे ‘ही वोन्ट कम अंटिल मंडे’. दुसरा, सोमवार ही मुदत त्याला पाळता येणार नाही, सोमवारच्या आत त्याचे येणे जमत नाही. इंग्रजीत हे ‘ही वोन्ट बी हिअर बाय मंडे’. पहिल्या वाक्यात तो सोमवारी येण्याची आशा आहे, दुसऱ्यात ती नाही. रवानगीच्या कामात हा फरक केवढा मोठा आहे, हे ज्याने जहाजाची तारीख सांभाळली आहे त्याला वेगळे सांगायला नको. ‘सोमवारशिवाय’ हा आपला रोजचा शब्द इतका नेमका आहे हे मला वही लिहिल्यामुळे समजले.

‘च्या आत’ची कसोटी एका ठिकाणी तोकडी पडते, हे बाईंनी आपणहून सांगितले. ‘शुक्रवारच्या आत’ म्हटले की कडक अर्थाने गुरुवारी काम व्हायला हवे. ‘बाय फ्रायडे’मध्ये मात्र शुक्रवार साधारणपणे धरलेला असतो. वाद टाळायचा असेल तर कायदेशीर कागदांत ‘ऑन ऑर बिफोर’ लिहितात, आपल्याकडे ‘रोजी किंवा त्यापूर्वी’ लिहितात तसे. तेव्हापासून मी नुसता वार लिहिणे सोडले. तारीख लिहिते, दुपारी किती वाजता तेही लिहिते, आणि ती वेळ भारतीय आहे हेही नोंदवते.

घरी ही चर्चा चालू असताना माझी मुलगी, जी मॅक्स म्यूलर भवनात जर्मन शिकते, म्हणाली, “आई, जर्मनमध्येही ‘बिस’ हा एकच शब्द दोन्हीकडे चालतो. शुक्रवारपर्यंत पाठवा तरी ‘बिस’, शुक्रवारपर्यंत थांबा तरी ‘बिस’.” म्हणजे मराठीसारखेच. इंग्रजी शिकणाऱ्या जर्मन माणसालाही इथेच अडखळायला होत असणार. हे ऐकून मला फार बरे वाटले. तोपर्यंत मी ही चूक माझ्या शाळेच्या माध्यमाच्या खात्यावर टाकत होते. खरे कारण एवढेच, की दोन भाषांनी एकाच जागेची वाटणी निरनिराळी केली आहे.

सप्टेंबरच्या मध्यापासून आम्ही ‘ने’कडे वळलो, आणि इथे काम पुष्कळ अवघड झाले. ‘रामाने पत्र लिहिले.’ ‘चाकूने कांदा चिरला.’ ‘बसने आले.’ ‘तापाने फणफणला होता.’ ‘ओळीने उभे राहा.’ ‘लक्ष्मी रस्त्याने गेलो.’ ‘घाईने निघाले.’ शाळेतल्या तक्त्याप्रमाणे या सगळ्यांना ‘बाय’ लावले असते, तर बहुतेक वाक्ये चुकली असती. कांदा ‘विथ अ नाइफ’ चिरतात, ताप असला तरी ‘विथ’, ओळ आणि घाई यांना ‘इन’, रस्त्याला बहुधा ‘अलाँग’, आणि रामाने पत्र लिहिले यात तर अव्ययच नाही. ‘बाय’ फक्त बसच्या वाट्याला येते. शब्दापुढे अर्थ ठेवून केलेले असे तक्ते मुलांकडून पाठ करून घेणे थांबवले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या तक्त्याने मला परीक्षेत गुण मिळवून दिले आणि कामात वर्षानुवर्षे चुकीच्या वाटेवर ठेवले.

बाईंनी एका शनिवारी संस्कृतचे एक जुने उदाहरण कागदावर लिहिले : ‘रामेण बाणेन हतो वाली.’ आठवीत शिकलेले संस्कृत माझ्या थोडे लक्षात होते. ‘रामेण’ही तृतीया, ‘बाणेन’ही तृतीया. पाणिनीने हे एका सूत्रात सांगितले आहे, ‘कर्तृकरणयोस्तृतीया’, म्हणजे कर्ता आणि करण (साधन) या दोघांनाही तृतीया. बाई म्हणाल्या, “आता हे मराठीत सांग.” मी म्हणाले, “रामाने बाणाने वालीला मारले.” दोन्हीकडे ‘ने’. “आता इंग्रजीत.” मी लिहिले, ‘वाली वॉज किल्ड बाय रामा विथ ॲन ॲरो.’ बाईंनी राम आणि बाण या दोन शब्दांखाली दोन निरनिराळ्या रंगांच्या पेन्सिलींनी रेघा मारल्या. ज्याने केले तो राम, त्याला ‘बाय’. ज्याच्या साहाय्याने केले तो बाण, त्याला ‘विथ’. संस्कृतने आणि मराठीने जी दोन नाती एका प्रत्ययात ठेवली, ती इंग्रजीने दोन शब्दांत वाटली.

मग त्यांनी तेच वाक्य उलटे करायला लावले : ‘रामा किल्ड वाली विथ ॲन ॲरो.’ बाणाचे ‘विथ’ जागेवर राहिले आणि रामाचे ‘बाय’ नाहीसे झाले. मराठीत मात्र वाक्य तेच, ‘रामाने बाणाने वालीला मारले’, आणि रामाचा ‘ने’ही तसाच. इथे मला माझ्या जुन्या मेलमधल्या एका सवयीचा उगम सापडला. भूतकाळात सकर्मक क्रियापद आले की मराठीत कर्त्याला ‘ने’ लागतो : आम्ही म्हणताना तो दिसत नाही, पण साहेबांनी, ग्राहकाने, कंपनीने म्हणताना दिसतो. तो ‘ने’ मनात घुमत असल्यामुळे मी भूतकाळातले प्रत्येक वाक्य कर्मणी करून त्याला शेपूट जोडत असे. ‘द मटेरियल वॉज डिस्पॅच्ड बाय अस.’ ‘द ड्रॉइंग वॉज चेक्ड बाय मी.’ ‘द मेल वॉज रिसीव्ड बाय अस.’ बाईंना मी महिनाभराचे मेल छापून नेऊन दिले होते. त्यांतले ‘बाय अस’ त्यांनी जवळजवळ सगळीकडे खोडले. इंग्रजी कर्मणी वाक्यांत कर्ता बहुतेक वेळा सांगतच नाहीत. तो माहीत असतो किंवा महत्त्वाचा नसतो, म्हणून तर वाक्य कर्मणी केलेले असते. ‘बाय’ तिथेच लिहायचे जिथे ‘कोणी’ हीच बातमी आहे. ‘द पार्ट्स वेअर इन्स्पेक्टेड बाय द कस्टमर्स इंजिनिअर’ यातले ‘बाय’ खोडता येत नाही, कारण तपासणी आमच्या माणसाने केली की त्यांच्या, यावर पुढची सगळी जबाबदारी ठरते.

मी विचारले, की जे ‘बाय’ करणाऱ्याला लागते तेच ‘खिडकीशी’ या अर्थी ‘बाय द विंडो’मध्ये कसे येते? बाईंनी याचे उत्तर इतिहासातून दिले. जुन्या इंग्रजीत या शब्दाचा मूळ अर्थ जवळ, बाजूला असाच होता. कर्ता दाखवायचे काम तेव्हा दुसरी अव्यये करत होती, आणि ‘बाय’कडे ते पुढच्या काळात हळूहळू आले. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये जिथे आज ‘टेम्प्टेड बाय द डेव्हिल’ लिहिले जाईल, तिथे ‘टेम्प्टेड ऑफ द डेव्हिल’ असे छापलेले आहे. ‘नदीकाठी’, ‘खिडकीशी’, ‘दाराशी’ हे या अव्ययाचे जुने घर, आणि ‘रामाकडून’ हे नंतर बांधलेले. आपल्या ‘कडून’मध्येही ‘कड’ आहेच, म्हणजे बाजू. हे लक्षात आल्यावर मला या शब्दाची भीती वाटेनाशी झाली. ‘नीअर’ आणि ‘बाय’ यांतला फरकही त्याच ओघात आला. आमची इमारत नदीच्या ‘नीअर’ म्हणता येईल, पण ‘बाय द रिव्हर’ म्हणायला ती ओंकारेश्वराच्या देवळासारखी काठावर हवी.

बसचा भाग सोपा निघाला, पण त्यात एक बारकावा आहे. ‘बाय बस’, ‘बाय ट्रेन’, ‘बाय कार’ यांत वाहनाच्या आधी ‘अ’, ‘द’ किंवा ‘माय’ येत नाही, कारण इथे विशिष्ट गाडी अभिप्रेत नसते, प्रवासाची रीत असते. ‘माझ्या गाडीने’ म्हटले की ‘इन माय कार’. १९३० पासून पुणेकर ‘डेक्कन क्वीनने’ मुंबईला जात आले आहेत. इंग्रजीत ते सहसा ‘ऑन द डेक्कन क्वीन’ होईल आणि नुसत्या रेल्वेने गेले तर ‘बाय ट्रेन’. पायी जाण्याला ‘ऑन फूट’. हाच बारकावा आमच्या आवक-जावक नोंदवहीत मला सापडला. पाकिटावर आम्ही ‘बाय हँड’ लिहितो, ‘बाय पोस्ट’, ‘बाय कुरिअर’ लिहितो, ते रीत सांगण्यासाठी. तेच पाकीट मी स्वतःच्या दोन हातांनी उचलले असेल तर ‘विथ माय हँड्स’. हात तेच, पण आधी ते रीत होते आणि आता साधन झाले. क्रियापदातून रीत सांगायची तर मराठीत ‘बटण दाबून’, ‘किल्ली फिरवून’ असे ‘ऊन’ लागते आणि इंग्रजीत ‘बाय प्रेसिंग’, ‘बाय टर्निंग’. किल्ली ‘विथ’ची, किल्ली फिरवणे ‘बाय’चे. आमच्या यंत्रांच्या सूचनापत्रकांत ही चूक सरसकट होती. त्यांतली चार पत्रके मी दिवाळीच्या सुटीआधी दुरुस्त केली.

‘बाय’चा मला सगळ्यात आवडलेला उपयोग मंडईत सापडला. ऑक्टोबरात एका रविवारी महात्मा फुले मंडईत भाजी घेत असताना माझ्यापुढच्या बाईंनी नारळवाल्याला विचारले, “नारळ किलोवर आहेत का नगावर?” त्याने सांगितले, “नगावर.” मी तिथेच पिशवी खाली ठेवून वही काढली. केळी डझनावर, टोमॅटो किलोवर, नारळ नगावर. इंग्रजीत केळी ‘बाय द डझन’, टोमॅटो ‘बाय द किलो’, नारळ ‘बाय द पीस’. तोवर वहीत ‘ने’, ‘कडून’, ‘पर्यंत’, ‘शी’ आणि ‘ऊन’ एवढीच घरे होती. ‘वर’साठी नवे पान उघडले. मजुरी तासावर, रिक्षा मीटरवर, शिंपीकाम नगावर, अशी वाक्ये त्या पानावर भराभर जमली. मोजमापाचे एकक असले की ‘बाय’नंतर ‘द’ येतो, आणि नुसते ‘वजनावर’ म्हटले तर ‘बाय वेट’, तिथे ‘द’ नाही. ‘रिक्षा मीटरवर’ हे मी उत्साहात लिहिले होते. बाईंनी त्याला फुली मारली, कारण इंग्रजीत ते ‘बाय द मीटर’ लिहिले तर रिक्षाचे भाडे कापडासारखे लांबीवर मोजल्याचा अर्थ निघतो.

कापडावरून आठवले. आपण बोलताना मापाचा ‘बाय’ इतका वापरतो की तो इंग्रजी आहे हे जाणवतही नाही. दहा बाय बाराची खोली म्हणताना कोणी भाषांतर करत नाही. लक्ष्मी रस्त्यावर ब्लाऊजपीस घेताना आई ‘टू बाय टू रुबिया’ मागायची, म्हणजे ज्यात उभे आणि आडवे दोन्ही धागे दुपदरी आहेत असे कापड. तिला इंग्रजी येत नव्हते, पण हा ‘बाय’ ती अचूक वापरत होती.

दराच्या बाबतीत मराठी आणि इंग्रजी छान जुळतात आणि तिथेच माझी आणखी एक मोठी चूक दुरुस्त झाली. ‘दर ५ टक्क्यांनी कमी केला’ याचे ‘रिड्यूस्ड बाय फाइव्ह पर्सेंट’ आणि ‘सूट ५ टक्क्यांवर आणली’ याचे ‘रिड्यूस्ड टू फाइव्ह पर्सेंट’. ‘नी’ला ‘बाय’, ‘वर’ला ‘टू’. बारा टक्के सूट होती आणि ती पाचने कमी झाली, तर सात उरते. ती पाचवर आली, तर पाच. मी यापूर्वी दोन्हीकडे ‘टू’ लिहीत आले होते आणि ग्राहक आकडा पाहून अंदाजाने समजून घेत होते. गणितातही हीच जुळणी आहे. बाराला तीनने भागा, ‘डिव्हाइड ट्वेल्व्ह बाय थ्री’. इथे शाळेतला तक्ता बरोबर ठरतो, आणि ‘जन्माने’, ‘व्यवसायाने’, ‘स्वभावाने’, ‘नावाने’, ‘कायद्याने’ या पाचांतही ठरतो. बाईंनी या शब्दांची स्वतंत्र यादी करायला लावली नाही. जिथे आपला ‘ने’ आपोआप ‘बाय’ होतो तिथे वेळ घालवू नकोस, असे त्यांनी सांगितले.

षष्ठीकडे मात्र त्यांनी माझे लक्ष वेधले, कारण ती मी वहीत घेतलीच नव्हती. ‘टिळकांचा अग्रलेख’ आणि ‘टिळकांचे चित्र’ या दोहोंत आपण ‘चा’, ‘चे’ म्हणतो. अग्रलेख टिळकांनी लिहिला, म्हणून तो ‘ॲन एडिटोरियल बाय टिळक’. चित्रात टिळक आहेत, ते काढणारा दुसराच, म्हणून ते ‘अ पोर्ट्रेट ऑफ टिळक’. ‘चित्रकाराचे चित्र’ म्हटले की त्याने काढलेले की त्याचे स्वतःचे, हे मराठीत संदर्भावरून ठरते आणि इंग्रजीत अव्ययावरून. कारखान्यातले उदाहरण मी स्वतः शोधले : ‘ग्राहकाची तक्रार’. ग्राहकाने केलेली की ग्राहकाविषयी केलेली? मेलच्या विषयाच्या ओळीत आता मी ‘कम्प्लेंट बाय’ किंवा ‘कम्प्लेंट अगेन्स्ट’ असे उघड लिहिते.

नोव्हेंबरात त्याच इंग्लंडच्या ग्राहकाची पुढची मागणी आली. मेल लिहिण्यापूर्वी मी मराठी वाक्य वहीत लिहिले, ‘च्या आत’ घालून पाहिले आणि मगच लिहिले, ‘ऑल एट बॉक्सेस विल बी रेडी फॉर कलेक्शन बाय थ्री पी. एम., इंडियन टाइम, ऑन एटीन्थ नोव्हेंबर.’ गाडी १८ तारखेला साडेतीनला आली आणि चारला भरून गेली. वॉचमनच्या नोंदवहीतली ती ओळ मी दोनदा वाचली.

वही अजून संपलेली नाही. तिच्या मागच्या बाजूला ‘न सुटलेली’ असे एक पान आहे, आणि त्यावर सध्या चार वाक्ये आहेत : ‘त्या हिशेबाने आपले चुकले.’ ‘त्याच्या म्हणण्याने काय होते?’ ‘मुकाट्याने उठला.’ ‘उशिराने आली.’ पहिल्यात ‘बाय दॅट रेकनिंग’ चालेल असे मला वाटते. बाईंना आधी ‘हिशेबाने’ ही रीत आहे की आधार, हे मराठीत ठरवून हवे आहे. येत्या शनिवारी तेवढे एकच वाक्य घ्यायचे आहे.